‘वाजला की थांबू’ हा हिशेब सातपुड्यात चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या वाळवंटातल्या पायवाटांवर रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवून इशारा देणारा विषारी साप, भेटला तर काय करावे, याबद्दल आपल्या रविवार पुरवणीत मजकूर आला होता. मजकूर चांगला होता. पण त्याचे कात्रण आता ‘सातपुड्यात जाणाऱ्यांनी हे वाचाच’ असा मथळा लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावरची धनत्रयोदशीची यात्रा तोंडावर आलेली असताना तेवढ्यावर, ‘साप वाजला की थांबू’ अशा भरवशावर, कुणी डोंगर चढू नये, म्हणून हे पत्र. आम्ही काही जण वस्तीत शिरलेले साप पकडून जंगलात सोडतो, काही जण सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करतो. तिकडचा कोणता सल्ला इथे जसाच्या तसा चालतो आणि कोणता अंगाशी येतो, एवढेच सांगायचे आहे.

आधी रॅटलस्नेकबद्दल. हा साप फक्त अमेरिका खंडात, कॅनडाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत सापडतो. भारतात तो कुठेच नाही. त्याच्या शेपटीच्या टोकाला नखासारख्या पदार्थाच्या पोकळ कड्या एकात एक अडकलेल्या असतात, शेपटी हलवली की त्या वाजतात. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. कड्या मोजून सापाचे वय सांगतात ते खोटे आहे, कारण वर्षातून एकाहून जास्त वेळा कात पडते आणि जुन्या कड्या तुटूनही जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एकच बोंड असते, त्याला वाजवता येत नाही. विष मात्र जन्मापासून असते. कड्या भिजल्या की आवाज बसतो. त्यातही पुष्कळ रॅटलस्नेक वाजवतच नाहीत, मातीच्या रंगात मिसळून गप्प पडून राहतात. म्हणजे ‘साप आधी वाजवतो, मग चावतो’ हे वाक्य तिकडेसुद्धा पूर्ण खरे नाही.

आणखी एक गोष्ट त्या कात्रणात नव्हती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की माणूस जवळ येऊ लागला की रॅटलस्नेक आधी सेकंदाला साधारण चाळीस वेळा शेपटी हलवतो, आणि ठराविक अंतराच्या आत कुणी आले की हा वेग एकदम साठ ते शंभरवर नेतो. ऐकणाऱ्याला साप आहे त्याहून जवळ वाटतो. सापाच्या दृष्टीने हा फायद्याचा सौदा. आपल्या दृष्टीने अर्थ इतकाच, की कानाने अंतर ठरवू नये. आवाज आला की पाय जागच्या जागी थांबवायचे आणि डोळ्यांनी साप शोधायचा. तो दिसेपर्यंत मागेही सरकायचे नाही, कारण आवाज नेमका कुठून येतो हे खडकाळ जागी कळत नाही आणि घाबरून टाकलेले पाऊल थेट त्याच्यावर पडू शकते.

जळगाव-धुळ्यातल्या किती तरी घरांतली पोरे आज अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियात आहेत आणि आई-वडील सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. त्यांच्यासाठी थोडे. एकट्या अ‍ॅरिझोना राज्यात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत. मार्च ते ऑक्टोबर हा त्यांच्या फिरण्याचा काळ. उन्हाळ्यात ते दिवसा बिळात असतात आणि सूर्य मावळल्यावर बाहेर पडतात. आपल्याकडची संध्याकाळी शतपावलीला निघायची सवय तिथे नेमकी त्याच वेळेला येते, तेव्हा पायात बूट आणि हातात बॅटरी हवी. अंतर किमान सहा फूट ठेवायचे. साप आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेपावतो असे धरतात, पण तो किती लांब आहे हे वेटोळ्यात कळत नाही. कुत्रा फिरवायला नेला असेल तर पट्टा आखूड धरायचा. मारलेल्या सापाचे तोडलेले डोकेसुद्धा बराच वेळ चावू शकते, त्याला हात लावायचा नाही. दंश झालाच तर ९११ ला फोन करायचा. विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जाण्याआधी आरोग्य विमा घ्या. तिकडच्या प्रतिविषाच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, एका कुपीला हजारो डॉलर पडतात आणि एका रुग्णाला अनेक कुप्या लागतात. इथून सोबत प्रतिविष नेण्याचा विचारही करू नका. आपले प्रतिविष आपल्या चार सापांच्या विषापासून बनते, रॅटलस्नेकवर त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार माणसांना विषारी साप चावतात आणि त्यांतली पाचेक दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. आपले साप तिकडच्यांपेक्षा हजारपट विषारी नाहीत. मोठा फरक पडतो तो दंशापासून प्रतिविषापर्यंत गेलेल्या तासांचा. त्या कात्रणात ‘शांत राहा आणि मदतीची वाट पाहा’ असे एक वाक्य आहे. जिथे हेलिकॉप्टर येते तिथे ते ठीक. धडगावच्या वरच्या पाड्यावर वाट पाहत बसलेल्या माणसाकडे कुणी येणार नाही, त्याला न्यावेच लागेल.

आता आपले चार साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतले घोणस आणि फुरसे हे रॅटलस्नेकचे दूरचे भाऊबंद, मंडलीच्या, म्हणजे व्हायपरच्या, कुळातले. डोके त्रिकोणी, अंग जाड, दबा धरून बसण्याची सवय तीच. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारी खाच मात्र या दोघांना नाही. ती असलेला आपल्याकडचा साप म्हणजे सह्याद्रीतला हिरवा चापडा.

सातपुड्याच्या उघड्या, दगडगोट्यांच्या उतारावर आणि लळिंगसारख्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीत पहिली भीती फुरशाची. हा साप जेमतेम दीड-दोन फुटांचा, मातकट, डोक्यावर बाणासारखी पांढुरकी खूण, पाठीवर फिकट ठिपके आणि दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ. दिवसा तो सपाट दगडाखाली असतो. डिवचला की अंगाचे इंग्रजी आठासारखे वेटोळे करतो आणि एकमेकांवर खवले घासून ‘खर्र खर्र’ असा करवतीसारखा आवाज काढतो. बाजूचे खवले तिरके आणि दातेरी असल्याने हा आवाज होतो. रॅटलस्नेकच्या आवाजाशी काही नाते असेलच तर ते याचे. पण तो आवाज दोन-तीन पावलांवरूनच ऐकू येतो. वारा असला, कोरडा पाला पायाखाली वाजत असला, खिशात मोबाइलवर गाणी चालू असली, तर तेवढाही नाही. आणि फुरसे झेपावते त्याचा वेग इतका असतो की ऐकून मग थांबायला वेळ उरत नाही.

घोणशीचा फुत्कार मोठा. कुकरची वाफ सुटावी तसा, आणि लांबून ऐकू येणारा. पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लंबगोल ठिपक्यांचे तीन पट्टे असतात. केळीच्या बागेत पडलेल्या वाळक्या पानांत, कपाशीच्या बांधावर, पऱ्हाटीच्या ढिगाखाली ती असते, कारण तिथे उंदीर असतात. पण तिचाही भरवसा नाही. पोट भरलेली किंवा पहाटे थंडीने गारठलेली घोणस पायाखाली येईपर्यंत हूं की चूं करत नाही. हिला पुष्कळ जण डुरक्या घोणस किंवा अजगराचे पिल्लू समजून हातात घेतात. डुरक्या घोणस बिनविषारी. तिची शेपटी आखूड आणि बोथट, पाठीवरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. घोणशीचे ठिपके ओळीत आणि काळी कड असलेले. ही खूण उपयोगाची आहे, पण ती लांबून पाहायची. हातात घेऊन खात्री करण्याची गरज कुणालाच नसते.

नाग सहसा फणा काढून सावध करतो, तेवढी सवलत तो देतो. मण्यार काहीच देत नाही. तो रात्रीचा साप, काळा-निळसर, अंगावर जोडीजोडीने पांढरे आडवे पट्टे. डोक्याकडे हे पट्टे विरळ किंवा नाहीसे असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेपासून सुरू होतात आणि मागे पुसट होत जातात. मण्यार चावल्याचे अनेकदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही, डास चावल्याइतकीच खूण, कधी तीही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, थुंकी गिळता येत नाही. यात्रेत धर्मशाळेच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपणाऱ्यांना हाच धोका मोठा आहे. तंबू असेल तर चेन पूर्ण लावा. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. अधांतरी लोंबणारी मच्छरदाणी डासांपुरती. भाकरीचा चुरा, शेंगदाण्याची टरफले उशाशी ठेवू नका. त्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

तेव्हा आवाजाची वाट न पाहता चालायचे कसे?

पायात घोटा झाकणारा बूट आणि जाड कापडाची सैल पँट. सैल यासाठी, की दात कापडात अडकतात आणि विष पायात कमी उतरते. तंग लेगिंगचा तो उपयोग नाही. चप्पल घालून अस्तंबा चढणारे हजारो आहेत, त्यांना बूट विकत घ्या म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण जुनी जाड गोणपाटाची पट्टी घोट्यापासून पोटरीपर्यंत सैलसर गुंडाळली तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. काठी मात्र प्रत्येकाकडे हवी. आपल्या जुन्या लोकांची घुंगुरकाठी ही शहाणपणाची वस्तू होती, फक्त श्रेय घुंगरांना मिळाले. सापाला घुंगरांचा बारीक आवाज फारसा उमगत नाही. काठी जमिनीवर आपटल्याचा धक्का त्याला पोटाखालच्या मातीतून कळतो. म्हणून काठी टेकवत नव्हे, आपटत चाला, आणि गवतात पाय टाकण्याआधी ती पुढे फिरवा. मुरमाड जमिनीवर हा धक्का चांगला जातो. काळ्या भुसभुशीत मातीत किंवा वाळूच्या नाल्यात तो विरतो, तिथे डोळ्यांवरच भिस्त.

पायवाटेच्या मधून चालायचे. आडवा पडलेला ओंडका किंवा मोठा दगड एका ढांगेत ओलांडायचा नाही. आधी त्यावर पाय ठेवायचा, पलीकडे वाकून पाहायचे, मग उतरायचे. साप ओंडक्याच्या पलीकडच्या सावलीत, नेमका आपला पाय पडतो तिथे असतो. चढताना हात जिथे दिसत नाही अशा कपारीत घालायचा नाही. लळिंगच्या चढावर, पाटणादेवीच्या परिसरातल्या लेण्यांकडे जाताना, मनुदेवीच्या धबधब्याजवळच्या खडकांत हीच चूक सर्रास दिसते. पाय जपतात आणि हात कुठेही टेकवतात. बसण्याआधी दगडाला काठीने हलवा आणि उचलायचाच असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली काही असलेच तर वाट त्याच्याकडे मोकळी होते, आपल्याकडे नाही. चुलीसाठी दगड आणि लाकडे उजेड असतानाच गोळा करून ठेवायची. रात्री ढिगात हात घालून दंश झालेले रुग्ण दवाखान्यांना नवे नाहीत.

बॅटरीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण अस्तंब्याची चढण पुष्कळ जण रात्री करतात. मोबाइलचा उजेड पुरत नाही. तो पसरट पडतो आणि चढताना तो हात अडकतो. कपाळावरची बॅटरी सोयीची खरी, पण तिचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे जमिनीवरच्या वस्तूची सावली वस्तूमागेच लपते आणि मातकट फुरसे मातीत सपाट दिसते. हातातली बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर धरून उजेड तिरपा पुढे टाकला, की दोरीएवढ्या जाडीच्या वस्तूचीही लांब सावली पडते आणि ती चटकन दिसते. दोन्ही असतील तर दोन्ही वापरा. एकच असेल तर हातातली. उजेड दोन ते तीन पावले पुढे ठेवा, पायाखाली नाही. पायाखाली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रांगेत दोन माणसांत चार-पाच फूट अंतर ठेवा, म्हणजे पुढचा थांबला तर मागचा त्याच्यावर आदळून त्याला पुढे ढकलणार नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण गर्दीत तीच घडते.

साप दिसला तर? इथे तिकडचा सल्ला अगदी जसाच्या तसा घ्या. थांबा, बाकीच्यांना हळू आवाजात सांगा, पाय कुठे पडतो ते पाहत दोन-तीन मीटर मागे या. सापाला जायला वाट असेल तर तो जातो. पाच मिनिटे थांबूनही गेला नाही तर उघड्या, गवत नसलेल्या बाजूने वळसा घाला. उताराच्या खालच्या बाजूने जाऊ नका. डिवचलेला साप घसरत खालीच येतो. दगड मारू नका. मारण्याच्या नादात झालेले दंश टाळता येण्यासारखे असतात, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. फोटो घ्यायचा तर त्याच अंतरावरून. वस्तीत किंवा तंबूत साप शिरला असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि सर्पमित्र येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवा. साप नजरेआड झाला की शोधण्यात रात्र जाते.

दंश झालाच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता यावर पुढचे सगळे ठरते. माणसाला बसवा किंवा आडवे करा, चालू देऊ नका. पळाल्याने स्नायू हलतात आणि विष लवकर पसरते. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, कडे, मनगटाचा गंडा, घड्याळ ताबडतोब काढा, बूटही. तासाभरात सूज चढली की ते कापूनच काढावे लागतात. हाड मोडल्यावर बांधतो तसा दोन काठ्या आणि उपरण्याने पाय सरळ बांधा. बांध इतकाच, की खालून एक बोट सहज सरकेल. दंशाची वेळ लिहून ठेवा आणि सुजेची कड पेनाने आखून तिच्या शेजारी वेळ लिहा. डॉक्टरला यातून सूज किती वेगाने वर सरकते ते कळते. पेन नसेल तर कोळसा चालतो.

करकचून दोरी बांधू नका. घोणस आणि फुरशाच्या विषाने तिथले मांस आधीच खराब होत असते. रक्त तोडले की पाय कापायची वेळ येते. आणि दवाखान्यात दोरी सोडताच अडलेले विष एकदम अंगात जाते. कुणी आधीच बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका, ते डॉक्टरांसमोर, सलाइन लावल्यावर. चीर देणे, तोंडाने ओढणे, बर्फ, हळद, कोंबडीचे पिल्लू लावणे यांतले काहीही करू नका. ऑनलाइन मिळणारे विष ओढण्याचे पंप पिशवीत टाकून फिरणारे पदभ्रमंतीवाले आता इकडेही दिसतात. तो पंप विष काढत नाही, जखम वाढवतो. आपल्याकडची आणखी एक रीत म्हणजे कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन चव लागते का पाहणे. नाग किंवा मण्यार चावलेल्याला गिळण्याची ताकद जात असते, घास श्वासनलिकेत जातो. पाणीही घोट-घोट, तेही तो स्वतः गिळत असेल तरच. उलटी झाली किंवा शुद्ध हरपू लागली तर डाव्या कुशीवर वळवा.

मग नेणे. १०८ ला फोन करा, पण डोंगरात रेंज नसते आणि रुग्णवाहिका पायथ्यापर्यंतच येते. तोवर चादरीची झोळी करून दोन बांबूंना बांधा आणि चौघांनी आळीपाळीने उचला. रस्त्याला लागल्यावर मोटरसायकल मिळाली तर रुग्ण मधे, मागे एक जण त्याला धरून. तिघांना एका गाडीवर नेणे इतर वेळी चूक आहे, इथे नाही. पाड्यावर भगताला बोलवायचे असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, त्याला गाडीत सोबत घ्या. वाटेत काय करायचे ते त्याने करावे, गाडी थांबू नये एवढेच.

दवाखान्यात गेल्यावर नातेवाइकांना दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. आपले प्रतिविष चारही सापांवर चालते आणि उपचार लक्षणांवरून होतात. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात गेले आहे. नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणाने धुतलेली असेल, तर रक्त गोठत नाही आणि विष नसतानाही आहे असे वाटते, म्हणून काचेचीच. या तपासणीला यंत्र लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती होते. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणून घरी सोडून घेऊ नका. फुरशाचा रुग्ण कित्येक तास ठणठणीत दिसतो, मग हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. ही तपासणी पुन्हा पुन्हा करायची असते आणि चोवीस तास देखरेखीखाली राहायचे असते.

विषाची लक्षणे असतील तर सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या प्रतिविष सलाइनमधून तासाभरात देतात. लहान मुलालाही तितकेच, कारण सापाने मुलाला कमी विष दिलेले नसते. ‘पोर लहान आहे, दोनच कुप्या द्या’ असा हट्ट धरणारे नातेवाईक असतात, तो धरू नका. अंगावर गांधी उठणे, थंडी वाजणे, दम लागणे ही प्रतिविषाची प्रतिक्रिया असू शकते. त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन शेजारी भरलेले असते. घाबरून पुढे रेफर करण्याआधी पहिला डोस इथेच द्या, असे नातेवाइकांनी नम्रपणे म्हणायला हरकत नाही. पहिला डोस न देता पाठवलेला घोणशीचा रुग्ण धुळ्याला किंवा जळगावला पोहोचतो तेव्हा अनेकदा मूत्रपिंडे दुखावलेली असतात. मण्यार आणि नाग यांच्या रुग्णाला मात्र प्रतिविषाबरोबर श्वासाचे यंत्र लागू शकते. ते जवळ नसेल तर रबरी फुग्याने, म्हणजे अंबू बॅगने, हाताने श्वास देत नेतात. हे तासन्‌तास चालू शकते आणि त्याने माणूस वाचतो. फक्त हात बदलायला सोबत माणसे हवीत.

हे सगळे यात्रेकरूंच्या हाती आहे. जे त्यांच्या हाती नाही त्यासाठी आपल्या वृत्तपत्राला विनंती. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात आपण एक चौकट छापावी. तळोदा, धडगाव, अक्कलकुवा आणि शहादा तालुक्यांतल्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, रात्री डॉक्टर मुक्कामी आहेत का, अंबू बॅग आहे का, आणि श्वासाचे यंत्र सर्वांत जवळ कुठे आहे. ही माहिती आरोग्य विभागाकडून मागून घ्यावी लागेल. मागितली की साठा तपासला जातो, हा जास्तीचा फायदा. दहापेक्षा कमी कुप्या असलेल्या केंद्राचे नाव वेगळ्या अक्षरांत छापा. तिथून एक रुग्णही धड सांभाळला जाणार नाही, हे वाटेवरच्या माणसाला चढायला लागण्याआधी कळले पाहिजे. चौकट कात्रण काढून खिशात ठेवता येईल एवढीच असावी, कारण वर मोबाइल चालत नाही.

आपले नम्र,
सातपुडा परिसरातील काही सर्पमित्र व वैद्यकीय अधिकारी
चोपडा, जि. जळगाव